एका कान्याचं अंतर

सौंदडची पहाट आधी कानांना कळते, डोळ्यांना नंतर. मुंबई-कोलकाता महामार्गावर ट्रकांची घरघर रात्रभर थांबलेलीच नसते. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या रुळांवरून एखादी मालगाडी दूरवर सरकत जाते. हे दोन आवाज विरले की त्यांच्यामागून तिसरा वर येतो, फार हलका. पाण्यावर कुणी तरी बोट टेकवून उचलावं तसा. तो बोडीचा आवाज.

बोडी म्हणजे आम्हा झाडीपट्टीतल्या लोकांचा धाकटा तलाव. थोरला तो मालगुजारी, गावाला पुरणारा. धाकटी ती बोडी, दोन-चार घरांच्या धानाच्या बांध्यांना पुरणारी. आश्विन लागलेला आहे. हलका धान कापणीला आला आहे, भारी धान अजून निसवतो आहे, आणि पाळीवर बसलं की लोंब्यांचा कोवळा, दुधाळ वास येतो. लाजरी पाणकोंबडी शेपटी उडवत कडेनं चालते. वंचक बगळा मातीचा होऊन उभा आहे. उडाल्यावरच त्याचं पांढरेपण कळणार.

तुम्हीही बसा इथे थोडा वेळ. घाई असेल तर ही बोडी तुम्हाला काहीच सांगणार नाही.

ओंजळीत पाणी घेतलं तर ते हिरवं दिसतं. पण कशाचा हिरवा रंग, हे बोटांना सापडत नाही. पान नाही, काडी नाही, शेवाळाचा धागाही नाही. पाण्याचीच काया हिरवी झाली आहे. पावसाळाभर गावाच्या उताराचं सारं इथं वाहून आलं: गोठ्यांचं, अंगणांचं, मोऱ्यांचं, आणि आपण ज्याचं नाव घेत नाही त्याचंही. मराठी माणूस त्यासाठी परसाकडे जातो, बाहेर जातो, गडू घेऊन जातो. सगळी वाक्यं त्या वस्तूला वळसा घालून जातात. भाषेनंही नाकाला पदर लावावा, इतकी तिची लाज.

आणि तरी त्या लाजेच्या पोटात काय असतं? आपण खाल्लेल्या धानाचं, तुरीचं, लाखोळीचं सत्त्व. शरीर ते थोडा काळ उसनं ठेवतं आणि जवळजवळ सगळंच परत करतं. वाढून पूर्ण झालेल्या देहात नत्र साठून राहत नाही. जितकं आत गेलं तितकं बाहेर येतं, आणि त्यातलं बहुतेक मूत्रातून. आपल्याकडच्या साध्या आहाराचा हिशेब मांडला तर माणशी वर्षाला अडीच-पावणेतीन किलो नत्र आणि जेमतेम 400 ग्रॅम स्फुरद. पाच माणसांच्या घराचं नत्र तेरा किलोच्या आसपास. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र असतं सुमारे 21 किलो. म्हणजे प्रत्येक घर वर्षाकाठी अर्ध्याहून जास्त गोणी नकळत रिती करतं, आणि मग मृगाच्या तोंडावर तीच भरून आणायला कृषी केंद्रासमोर रांगेत उभं राहतं.

1669 साली हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांडट नावाच्या किमयागारानं साठवलेलं मूत्र आटवत आटवत पार कोरडं केलं. पिवळ्या रंगावरून त्याला वाटलं होतं, आत सोनं असणार. सोनं निघालं नाही. भांड्यात उरलं ते अंधारात मंद उजळणारं काहीतरी, तेच स्फुरद. धानाच्या प्रत्येक दाण्यात, आपल्या प्रत्येक हाडात, पेशीपेशीच्या लिखाणात जे हवंच हवं, ते माणसाला पहिल्यांदा भेटलं ते असं, स्वतःच्याच टाकलेल्या पाण्यात. त्या किमयागाराला मराठी येत असती तर बहुधा त्याची निराशा झाली नसती. मुरलेल्या मानवी मळाच्या खताला आपल्या खेड्यांनी फार आधीच नाव देऊन ठेवलं होतं: सोनखत.

आता ऊन आलं.

पाळीवरच्या मोहाच्या फांद्यांमधून ते तिरपं उतरतं आणि पाण्याला टेकतं. इथून पुढचं डोळ्यांना दिसत नाही. मन लहान करून आत शिरावं लागतं. एका मिलिमीटरच्या रेघेवर दोन-अडीचशे बसतील असे गोल हिरवे कण पाण्यात तरंगताहेत. शास्त्र त्यांना क्लोरेला म्हणतं. 1890 मध्ये बायेरिंक या डच अभ्यासकानं त्यांना हे नाव दिलं. त्याआधी अब्जावधी सकाळी ते निनावीच उजेड पीत होते. त्यांच्या शेजारी सेनेडेस्मस: चार पेशी अंगाला अंग लावून, वाटाण्याच्या शेंगेत दाणे बसावेत तशा. क्लोरेलाचा एक कण दिवसभर उन्हात फुगतो आणि मग आपल्याच त्वचेच्या आत दुभंगतो, चौभंगतो. चार, कधी आठ लेकरं आईची कुडी फोडून बाहेर पडतात. रडणं नाही, सुईण नाही. बोडी तशीच निवांत.

पण हे उजेडजीवी कण एकट्यानं काही करू शकत नाहीत, आणि मला त्यांचं हेच फार आवडतं. गावाकडून आलेला मळ त्यांना तसाच्या तसा घेता येत नाही. तो आधी जिवाणूंच्या हाती जातो. जिवाणू तो सोडवतात, जसा एखादा गुंता गाठ गाठ करून सोडवावा. त्यातून अमोनिया सुटा होतो, फॉस्फेट सुटं होतं, कर्बवायू सुटा होतो. या कामाला त्यांना प्राणवायू लागतो. तो कोण देणार? हिरवे कण. आणि हिरव्या कणांना कर्बवायू, नत्र, स्फुरद कोण देणार? जिवाणू. एकाचा उच्छ्वास तो दुसऱ्याचा श्वास. कुणाचे कुणावर उपकार नाहीत, कुणी कुणाचं देणं लागत नाही. नुसतं घेणं आणि देणं, सकाळपासून सांजेपर्यंत, थेंबाथेंबात.

उन्हं डोक्यावर आली की हा श्वासविनिमय डोळ्यांनाही दिसू लागतो. शेवाळाच्या कडेला मोत्यांएवढे बुडबुडे साचतात, थरथरतात, सुटतात. हिरवे कण कर्बवायू इतक्या झपाट्यानं ओढून घेतात की दुपारपर्यंत पाण्याचा आंबटपणा पार निघून जातो, आणि ते हाताला साबणी वाटावं इतपत अल्कधर्मी होतं. ते अल्कधर्मी पाणी, भरपूर प्राणवायू आणि थेट ऊन, या तिघांपुढे आपल्या आतड्यातले रोगजंतू फार काळ तगत नाहीत. ज्या पाण्यानं आजार आणला असता ते पाणी दुपारभर स्वतःवरच उपचार करत बसतं. अमोनिया आणि फॉस्फेट एव्हाना पाण्यात फारसं उरलेलं नसतं. ते हिरव्या देहांत शिरून बसतं. काही कण तर गरजेपेक्षा जास्त स्फुरद घेतात आणि पोटात दाण्यादाण्यांनी साठवतात, जणू कणगी भरून ठेवावी तसं. पुढचा दुष्काळ त्यांनाही ठाऊक असावा.

आणखी खाली, जिथं पाणी दाट आणि प्राणवायूविना आहे, तिथं दुसरंच कूळ नांदतं. जांभळे जिवाणू. हिरव्या कणांनी गाळून उरलेला उजेड त्यांच्या वाट्याला येतो, त्यातही लाल रंगापलीकडचा, जो आपल्या डोळ्यांना निव्वळ अंधारच आहे. त्या अंधारावर ते जगतात. प्राणवायू ते सोडत नाहीत. कुजण्यातून सुटणारी आम्लं आणि अमोनिया मात्र थेट आपल्या देहात विणून घेतात. एखाद्या दाट डबक्याची कड गुलाबी-तांबूस झालेली दिसली तर नाक मुरडून पुढे जाण्याआधी एकदा थांबावं. आपल्याला न दिसणाऱ्या उजेडाचं पीक तिथं उभं असू शकतं.

आणि हे सगळं बोडीपुरतंच नाही. पाळ उतरून बांधीत या. धानाच्या बुडाशी, साचल्या पाण्यात, ओल्या मातीवर निळसर हिरवी साय धरलेली दिसेल. ही नील-हरित मंडळी तर हवेतलंच नत्र पकडतात. त्यांच्या मण्यांच्या माळेत मधेच एखादा मणी जाड भिंतीचा, फिकट असतो. तो प्राणवायूला दार लावून घेतो आणि आत बसून नत्र घडवतो, शेजारच्या मण्यांना वाटतो. भाताच्या शेतीत हे कसं घडतं, ते पी. के. डे यांनी 1939 साली प्रयोगानं दाखवलं. आमच्या बांध्यांना ते त्याआधी कितीतरी पिढ्या पाठ होतं. खत घालायची ऐपत नसलेल्या वर्षीही धान पिकत राहिला, यामागे या सायीचा वाटा होता.

सौंदडच्या चौकात उभं राहिलं की रस्ता दोन्हीकडे जातो, आणि या गोष्टीची दोन टोकं नेमकी त्या दोन दिशांनाच आहेत.

पश्चिमेला नागपूर. तिथं 1958 साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. 1974 पासून आपण तिला नीरी म्हणतो. त्या काळी अमेरिकेत कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड उथळ तळ्यांत शेवाळ वाढवून सांडपाणी शुद्ध करण्याचा शास्त्रीय पाया घालत होते. नागपूरच्या अभियंत्यांनी तोच विचार आपल्या उन्हाला, आपल्या पैशाला, आपल्या नगरपालिकांना झेपेल असा मांडला. सोली अर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 मध्ये अशा तळ्यांचा आराखडा, बांधणी आणि देखभाल यावर एक आख्खं पुस्तक काढलं. त्यात यंत्रं कमी, ऊन जास्त. विदर्भाला ज्याची कधीच टंचाई नव्हती अशा एकाच गोष्टीवर ते उभं होतं.

पूर्वेला, हाच रस्ता धरून गेलं तर, कोलकाता. महानगराचं सांडपाणी शहराबाहेरच्या उथळ तळ्यांत घेतात, काही दिवस उन्हात निवू देतात, ते हिरवं झालं की त्यात मासे सोडतात. मासे हिरवं खातात, शहर मासे खातं. काठावरच्या बांधांलगत जलपर्णी, पलीकडे भाजीचे मळे, त्यापलीकडे भात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ध्रुवज्योती घोष हे सरकारी अभियंता शहराचं सांडपाणी अखेर जातं कुठं, याचा माग काढत तिथं पोहोचले. जे शिकलेल्या जगाला ठाऊक नव्हतं ते तिथले कोळी रोज करत होते. 2002 साली या सुमारे 12,500 हेक्टर पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळालं. शास्त्र तिथं शिकवायला गेलं नाही, शिकून आलं.

आणि वर पाहिलं तर तिसरी दिशाही आहे. दूरच्या अंतराळप्रवासात माणसांना अन्न-हवा कशी पुरवायची, यासाठी युरोपीय अंतराळ संस्थेनं 1989 पासून मेलिसा नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्याची मांडणी पाहून मला हसू आलं, कारण ती या बोडीचीच नक्कल आहे. आधी कुजवणारे जिवाणू, मग जांभळे जिवाणू, मग अमोनियाचं नायट्रेट करणारे, मग हिरवे आणि झाडं, आणि शेवटी माणूस. माणसापासून पुन्हा पहिल्या भांड्याकडे. त्यातल्या हिरव्या, मळसूत्रासारख्या सूक्ष्म जिवाचं नाव आहे लिम्नोस्पायरा इंडिका. याच कुळातल्या मळसूत्रांनी आपल्या बुलढाण्यातल्या लोणारच्या खाऱ्या पाण्याला हिरवा रंग दिला. तारकांकडे निघालेला माणूस शिदोरीत काय घेतो, तर तळ्यातलं हिरवं पाणी.

सांज झाली. ऊन गेलं की बोडीचं दुसरं अंग सुरू होतं. आता प्राणवायू देणारं कुणी नाही, घेणारे मात्र सगळे. हिरवे कणही रात्री श्वास घेणाऱ्यांतच बसतात. पाणी रात्रभर आपलाच साठा खात राहतं, आणि पहाटेच्या थोडं आधी तो सगळ्यात कमी होतो. पाण्यात मळ जास्त आला असेल, हिरवा रंग फार दाटला असेल, तर त्या वेळी मासे पृष्ठभागावर तोंडं काढून हवा शोधताना दिसतात. मरळ आणि मांगूर हवेवर तगून जातात. बाकीचे सकाळी कडेला पांढऱ्या पोटानं तरंगतात. एका वयस्क ढिवरबाबांनी मला जाळं सोडवता सोडवता सांगितलं होतं, “पानी हिरवा असला त तलाव जिता आहे, बाबू. पन गच्च हिरवा झाला त समजाचा, त्याले ताप आला.”

ज्यानं जगायचं त्यानंच गुदमरायचं, असं का व्हावं? उत्तर साधं आहे आणि कठीणही. हिरवे कण मळातलं सत्त्व गोळा करून देतात. ते उचलून न्यायला मात्र कुणीतरी यावं लागतं. नाही नेलं तर ते तिथंच मरतात, तिथंच कुजतात, आणि गोळा केलेलं सारं पाण्याला परत देऊन टाकतात. प्रयोगशाळांचीही अडचण हीच आहे. असं पाणी वाढवणं सोपं. त्या लिटरभर पाण्यातून ग्रॅमभरही नसलेला, धड बुडत नाही धड तरंगत नाही असा जीव गाळून काढणं अवघड आणि महाग. वर्तुळ जवळजवळ पूर्ण होतं. शेवटची ओंजळभर जागा हातासाठी मोकळी राहते.

आणि हात म्हटला की आपल्या गावात प्रश्न उभा राहतो: कुणाचा?

सोनखत हा शब्द सुंदर आहे, पण ते सोनं ज्यांनी डोक्यावरून वाहिलं त्यांना त्याचा दागिना कधी मिळाला नाही. मिळाला तो विटाळ. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पा पटवर्धन यांनी सफाईचं काम मागितलं. ते नाकारलं गेलं म्हणून त्यांनी उपोषण मांडलं, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पांनी मळाचं खत स्वतःच्या हातांनी केलं. आपल्या विदर्भात गाडगेबाबा खराटा घेऊन गावोगाव फिरले. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा थांबवायला मात्र कायदा 1993 मध्ये करावा लागला, आणि तो पुरला नाही म्हणून 2013 मध्ये दुसरा. मळाचं चक्र आपण तोडलं ते ज्ञान नव्हतं म्हणून नव्हे. शेवटची ओंजळ ठरावीक जातींच्याच हातात कोंबली आणि बाकीच्यांनी हात मागे घेतले, तिथं ते तुटलं.

पण याच गावाला दुसरंही एक चक्र ठाऊक होतं, आणि त्याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं.

वैशाखात बोड्या आटतात. मालगुजारी तलावांची पोटं उघडी पडतात. कोहळी समाजानं बांधलेल्या या तलावांच्या तळाशी तेव्हा काळा, भेगाळलेला गाळ असतो. पूर्वी बैलबंड्या रांगेनं उतरत, आता ट्रॅक्टर उतरतात. पाटील, ढिवर, कोहळी, गोंड, आंबेडकरी वस्तीतला तरुण, सगळे त्या गाळात पावलं रोवतात. बाया टोपली भरतात, पोरं ढेकळं फोडतात, आणि तो गाळ बांध्यांतून पसरतो. कुणी नाक धरत नाही. कुणी घरी जाऊन आंघोळीचं पाणी वेगळं काढत नाही.

हा गाळ म्हणजे काय? वर्षभर उन्हात वाढून, आयुष्य संपवून, एकेक करून तळाशी उतरलेले हिरवे कण. त्यांच्यासोबत जिवाणू, शंखशिंपले, पानं, माती. आणि त्यांच्या देहांत विणलेलं नत्र-स्फुरद गावाच्या गोठ्यांचं, अंगणांचं, आणि हो, आपल्या सगळ्यांचंच. जे सोनखत म्हणून एकाच्या डोक्यावर विटाळ होतं, तेच सत्त्व हिरव्या कणाच्या देहातून जाऊन गाळ म्हणून आलं की सगळ्यांच्या हातांना चालतं. मधे काय घडलं? थोडा काळ. थोडं ऊन. आणि जात न विचारणाऱ्या एका हिरव्या ठिपक्याचा स्पर्श.

मळ आणि मळा या दोन शब्दांत फक्त एका कान्याचं अंतर आहे. पाण्यात तिरपी उतरणारी उन्हाची रेघ पाहताना मला नेहमी वाटतं, तो काना हाच असावा.

यात भाबडेपणा नको. ताज्या मैल्यात जंतांची अंडी असतात, आणि ती उन्हालाही सहजी दाद देत नाहीत. त्यांना वेळच द्यावा लागतो. कारखान्यांचं पाणी मिसळलं तर हिरवे कण जड धातूही तितक्याच मायेनं गोळा करून ठेवतात. त्यांना भेद कळत नाही, तो आपल्याला कळला पाहिजे. म्हणून थेट बोडीत मैला सोडणं हे शेवाळावरचं प्रेम नव्हे, त्याच्यावरचा अन्याय आहे. आधी खड्डा, मग ऊन, मग हिरवं, मग हात, हा क्रम मोडायचा नाही.

आता गावात बऱ्याच घरी दोन खड्ड्यांची शौचालयं आहेत. एक खड्डा भरला की तो बंद करायचा, दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्याला वर्ष-दीड वर्ष हात लावायचा नाही. तेवढ्या काळात आत माती होते, सैल, तपकिरी, वास नसलेली. मुदत भरली की ती उपसायला पैसे देऊन कुणाला बोलावू नका. स्वतःच्या घराचा खड्डा स्वतः उघडा, निघेल तेवढं खत स्वतःच्या बांधीत, नाहीतर अंगणातल्या पेरूच्या बुडाशी घाला, आणि मग शेजारच्या बोडीवर जाऊन हात धुवा.